जात विचारायची तर माकडाची विचारा

आपल्या समाजाला जात विचारण्याची हौस फार. गावात नवा मास्तर आला, मुलीला स्थळ सांगून आले, निवडणुकीत कोणी अर्ज भरला, की चहाचा पहिला घोट घशाखाली उतरण्याआधी जातीची चौकशी होते. जिथे विचारू नये तिथे ती विचारली जाते. आणि जिथे विचारल्यावाचून पाऊल टाकू नये तिथे आम्ही गप्प. संत्र्याच्या बागेत धुडगूस घालणारा तो प्राणी कोण, असे विचारा. उत्तर येते, 'कोण म्हणजे? माकड!' आणि पाठोपाठ मागणी येते: पिंजरे लावा, धरा, आणि लांब कुठेतरी नेऊन सोडा.

या लेखाचे म्हणणे सरळ आहे. कोणतेही माकड धरण्याआधी, हलवण्याआधी, त्याची नसबंदी करण्याआधी, इतकेच काय त्याच्या 'संरक्षणा'वर पैसा खर्च करण्याआधीसुद्धा, ते कोणत्या जातीचे, कोणत्या वंशाचे आणि कोणत्या कळपाच्या नात्यातले, हे त्याच्या जनुकांवरून तपासले पाहिजे. ही तपासणी आज अशक्य कोटीतली राहिलेली नाही. ती न करता जे चालते तो आंधळा कारभार आहे. त्याची किंमत आपल्या बागा मोजतात, आणि आपण कधी पाहिलेही नाही असे दक्षिणेतले एक दुबळे माकडही मोजते.

आधी बागायतदाराची बाजू मांडतो, म्हणजे 'याला काय, हा शहरात बसून लिहितो' असे कोणी म्हणायला नको. लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा हा सगळा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहाराचे फळ झाडावर टिकावे म्हणून माणूस उन्हाळाभर विहिरीचा तळ खरवडतो, आणि फळ रंगावर आले की एका सकाळी कळप उतरतो. खातो थोडे, तोडतो फार. एक घास घेतलेली संत्री झाडाखाली सडत पडतात. गोफण झाली, फटाके झाले, कुत्री झाली, दिवसाची राखण आणि रात्रीची जागली झाली. कळप चार दिवस बुजतो आणि पाचव्या दिवशी हजर. या माणसाला 'तो मारुतीचा अवतार आहे, सहन करा' असे सांगणाऱ्याने आधी एक हंगाम त्या बागेची राखण करून दाखवावी.

पण दुःख खरे असले म्हणून मागितलेले औषध खरे ठरत नाही. 'लांब सोडा' म्हणजे कुठे? आपल्या जिल्ह्याबाहेर, म्हणजे कोणाच्या तरी जिल्ह्यात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे आपण दुसऱ्याला हसून म्हणतो. इथे तर आगच उचलून सोमेश्वरी नेऊन ठेवायची, असा हा उपाय आहे.

* * *

मुळात 'माकड' हा एक प्राणी नाही, आणि हे आपल्या भाषेला आपल्यापेक्षा आधी कळले होते. मराठीत वानर वेगळे आणि माकड वेगळे. काळ्या तोंडाचे, करड्या अंगाचे, लांब शेपटीचे ते वानर. आपल्याकडे कोणी त्याला वानेर म्हणतो, कोणी वांदर. त्याचा नर हुप्प्या. लाल तोंडाचे ते माकड. कोकणात त्या लाल तोंडाच्यांना केलडी म्हणतात. हिंदीतही लंगूर आणि बंदर असा भेद आहेच. दोन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्यांकडे तर हा भेद सांगणारे दुप्पट शब्द आहेत. तरीही बातमीत, निवेदनात आणि मोर्चाच्या फलकावर एकच मजकूर असतो: 'माकडांचा उच्छाद'. शब्द असून जो वापरत नाही त्याचे दारिद्र्य भाषेचे नव्हे, लक्षाचे आहे.

हा भेद केवळ तोंडाच्या रंगाचा नाही. वानराचे पोट अनेक कप्प्यांचे; झाडाचा पाला पचवण्यासाठी निसर्गाने ते घडवले. माकडाला गालात पिशव्या; मिळेल ते भराभर कोंबायचे आणि झाडावर जाऊन निवांत चावायचे. एकाला पाल्याचे रान हवे, दुसरे बसस्थानकाच्या उकिरड्यावरही संसार थाटते. दोघांवर एकच उपाय चालेल असे मानणे म्हणजे म्हशीला आणि शेळीला एकाच मापाचे दावे.

पुढची गोष्ट अधिक बारीक आहे, आणि आपल्या घराजवळून सुरू होते. लाल तोंडाच्या माकडांतही दोन जाती. उत्तरेचे ते ऱ्हीसस. आखूड शेपटीचे, धिप्पाड, माणसाला न भिणारे. दक्षिणेचे ते बॉनेट, म्हणजे टोपीवाले. डोक्यावर केसांचा गोल भोवरा, शेपूट अंगाहून लांब. हे टोपीवाले माकड जगात फक्त भारताच्या दक्षिण भागात आहे, दुसरीकडे कुठेही नाही. या दोघांच्या राज्याची सीमा पूर्वापार पश्चिमेस तापी आणि पूर्वेस गोदावरी अशी सांगितली जाई. तापी उगम पावते ती मुलताईला. पांढुर्ण्याहून बैतूलच्या वाटेला लागले की मुलताई येते. म्हणजे माणसांची सीमा १९५६ साली आपल्या दारात आखली गेली, तिच्या कितीतरी आधीपासून माकडांच्या सीमेची नदी आपल्याच शेजारच्या कुंडातून निघत आली आहे.

ही सीमा आता राहिलेली नाही. १९८१ साली फूडेन, महाबळ आणि साहा या अभ्यासकांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती नव्याने आखली. २०११ साली कुमार, राधाकृष्ण आणि सिन्हा यांनी दाखवले की ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत चालले आहे आणि टोपीवाल्याला हुसकावत आहे. त्यात माणसाचा हात आहे. गावात नको झालेली माकडे गाडीत भरून दूर सोडण्याची रीत देशभर आहे, आणि ज्याला आपण 'लांब' म्हणतो ते पुष्कळदा त्या दुबळ्या जातीचे शेवटचे माहेर असते. टोपीवाले माकड आता आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे. मंदिराच्या पायरीवर शेंगदाणे मागणारा हा प्राणी संकटात आहे, हे कोणाला खरे वाटत नाही. पायरीवर दिसतो म्हणून पुष्कळ आहे, असा आपला हिशेब.

आता कायदा पाहा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यात ऱ्हीसस माकड संरक्षित प्राण्यांच्या यादीतून वगळले गेले, आणि टोपीवाले माकड पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसले. एकाला हात लावायला जवळजवळ मोकळीक, दुसऱ्याला हात लावणे गंभीर गुन्हा. जिथे दोघांची हद्द एकमेकींत घुसली आहे, जिथे दोघांचे मिश्र कळप हिंडतात, तिथे पिंजऱ्यातले पिल्लू कोणत्या कलमाखाली येते हे ठरवणार कोण? माकडे धरणारा कंत्राटदार? शेपटीला टेप लावून?

* * *

इथे जनुकांची तपासणी कामाला येते. ती समजायला प्रयोगशाळा पाहण्याची गरज नाही. संत्र्याचे कलम कधी विकत घेतले असेल तर पुरे. कलम घेताना जाणता बागायतदार पाने पाहून भुलत नाही. खुंट जंबेरीचा की दुसरा कशाचा, आणि डोळा कोणत्या झाडाचा, हे तो आधी विचारतो. कारण फसवणूक झाली तर ती पाचव्या-सहाव्या वर्षी फळ धरल्यावर कळते, आणि तोवर आयुष्याची पाच वर्षे मातीत गेलेली असतात.

माकडाचेही तसेच दोन हिशेब असतात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जाते. माकडांत बहुधा माद्या जन्माच्या कळपात राहतात आणि नर वयात आले की बाहेर पडतात. म्हणून आईकडची खूण सांगते की हा कळप कोणत्या मुलखाचा, आणि बापाकडची खूण सांगते की बाहेरून कोण येऊन मिसळले. याखेरीज डीएनएत अक्षरांची छोटी छोटी आवर्तने असतात. त्यांची संख्या प्राण्यागणिक बदलते. त्यावरून बाप कोण, भावंडे कोण, कळपात जवळच्या नात्यातली वीण किती वाढली, हे काढता येते. आणि यासाठी माकड धरावे लागत नाही. सकाळी कळप हलला की झाडाखालची ताजी विष्ठा किंवा फांदीला अडकलेले केस पुरतात.

यात अडचणी नाहीत असे नाही. उन्हात विष्ठेतला डीएनए लवकर नासतो, दोनपैकी एकच खूण उमटते, म्हणून तीच चाचणी पुनःपुन्हा करावी लागते. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची तुकड्यातुकड्यांनी झालेली नक्कल पेशीच्या केंद्रकातही सापडते आणि ती तपासणाऱ्याला चकवते. पण कष्टाचे काम आणि अशक्य काम यांत फरक आहे.

'हे परदेशी खूळ आहे' म्हणणाऱ्यांसाठी थोडे घरचे. डॉ. लालजी सिंह यांनी पट्टेरी मण्यारीच्या डीएनएतून शोधलेल्या एका तुकड्यावर भारतातली डीएनए ओळखपद्धती उभी राहिली. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत १९९८ साली त्यांच्या पुढाकाराने संकटग्रस्त प्राण्यांसाठी 'लॅकोन्स' ही स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली; तिची वास्तू २००७ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते खुली झाली. हैदराबाद म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. नागपूरहून रात्री गाडीत बसले की सकाळी उतरता येते.

आणि या खुणांनी काय काय उलथवले ते पाहा. आपले हनुमान वानर ही एकच जात आहे, असे पुष्कळ वर्षे मानले गेले. पोटजाती कोणी चौदा मोजी, कोणी सोळा. २००१ साली कॉलिन ग्रोव्हज यांनी रूपावरून त्याच्या सात जाती केल्या. वाद रंगला. बंगळूरचे प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासला आणि २०१५ साली सांगितले की दक्षिण भारतात तरी या एका नावाखाली तीन वेगळ्या जाती नांदतात. उलट निलगिरी वानराला दुसऱ्याच कुळात ढकलले होते. ते आपल्या वानराचे सख्खे निघाले. सोनेरी वानराच्या आईकडच्या खुणा एका कुळाकडे बोट दाखवतात आणि केंद्रकातल्या खुणा दुसऱ्या. फार प्राचीन काळी दोन कुळांची सोयरीक झाली असावी, असा त्याचा अर्थ लावतात. डोळ्यांना हे कधीच दिसले नसते.

सिंहपुच्छाचे उदाहरण तर जपणुकीच्या मुळाशी जाते. मराठीत त्याला सिंहपुच्छ वानर म्हणतात. वंशाने ते माकड आहे. सह्याद्रीच्या दक्षिण रानातले हे संकटग्रस्त जनावर. सायलेंट व्हॅलीचे धरण १९८३ साली रद्द झाले त्या चळवळीचे ते मुखचित्रच होते. उत्तर कन्नड या द्विभाषिक जिल्ह्यात, सिरसी-होन्नावरच्या रानात, त्याच्यासाठी २०११ साली अघनाशिनी राखीव क्षेत्र झाले. उमापती आणि त्यांच्या हैदराबादच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवले की पालघाट खिंडीच्या उत्तरेचे सिंहपुच्छ आणि दक्षिणेचे सिंहपुच्छ सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच एकमेकांपासून दुरावले. म्हणजे त्यांना दोन वेगळी घराणी म्हणून जपले पाहिजे. ही तपासणी नसती तर एखाद्या हौशी अधिकाऱ्याने 'संख्या वाढवण्यासाठी' इकडचा नर तिकडे नेऊन सोडला असता, त्याचा फोटो पेपरात आला असता, आणि वीस लाख वर्षांचा वारसा एका सहीने मिसळून गेला असता.

* * *

या मागणीचे विरोधक अनेक, आणि त्यांचे एकमेकांशी पटत नाही. जाम नदीच्या दोन काठांवरून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, तशी ही गोटमार बारा महिने चालू आहे. एका काठावर 'मारा' म्हणणारे, दुसऱ्या काठावर 'देव आहे' म्हणणारे. मधल्या पाण्यात माकड.

भाविकांना माझे सांगणे नम्र पण स्पष्ट आहे. जामसावळीला निजलेल्या मारुतीरायाच्या दर्शनाला आपण रांग लावतो, ती श्रद्धा खरी आहे. पण परतताना रस्त्यावर बिस्किटांचे पुडे फेकतो, ती भक्ती नव्हे. त्याने कळपाला रान सोडून रस्ता धरायची सवय लागते. कथा नीट आठवा. अशोकवनात मारुती सीतामाईपुढे उभा राहिला तेव्हा तिने त्याचा शब्द तसाच मानला नाही. रामाची अंगठी पुढे झाली, खूण पटली, मग विश्वास बसला. प्रत्यक्ष मारुतीला जिथे खूण द्यावी लागली, तिथे त्याच्या नावाने पोसल्या जाणाऱ्या कळपांची खूण पटवून घ्यायला आपला विरोध का असावा?

'मारा'वाल्यांनी आणि 'धरा'वाल्यांनी एक वेगळी कथा ऐकावी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडच्या परिसरात सुगियामा या जपानी अभ्यासकाने वानरांचे कळप पाहिले. बाहेरचा नर जुन्या हुप्प्याला हाकलून कळप ताब्यात घेतो तेव्हा अंगावरची पिल्ले मारली जातात, हे त्याने नोंदवले. पुढे आपल्याच राज्यात, कान्हाच्या रानातही, हे दिसून आले. पुष्कळांना ते खोटे वाटले. १९९९ साली नेपाळातल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली: पिल्लांवर हल्ला करणारा नर एकाही तपासलेल्या प्रसंगी त्या पिल्लाचा बाप नव्हता. आता विचार करा. 'एक मोठा हुप्प्या फार त्रास देतो, तेवढा धरून न्या' अशी मागणी होते आणि तो नेला जातो. रिकाम्या गादीवर बाहेरचा नर येतो, आणि पुढे जे होते ते पाहायला पिंजरेवाला थांबलेला नसतो. माकडीण नाकाशी पाणी आले की पिल्लाला पायाखाली घेते, ही बिरबलाची गोष्ट आपण पोराबाळांना पिढ्यानुपिढ्या सांगत आलो. वानरांच्या कळपात माद्या एकमेकींची पिल्ले सांभाळतात. त्यांना पायाखाली घेणारे आपणच आहोत.

'माकडे काय कमी आहेत?' हा तिसरा आक्षेप. ऱ्हीसस माकडे एके काळी या देशातून परदेशी प्रयोगशाळांकडे इतकी गेली की उत्तर भारतात ती झपाट्याने घटली, आणि १९७८ साली निर्यात बंद करावी लागली. रक्तगटातला 'आरएच' हा त्याच माकडाच्या नावाचा अवशेष. जे आज पुष्कळ आहे ते उद्या पुष्कळ असेलच, याची हमी कोणी देऊ नये. दुसऱ्या टोकाला हिमाचलने लाखावर माकडांची नसबंदी केली, तरी शेतकऱ्याची तक्रार मिटलेली नाही. कोणता कळप वाढतो, नर कुठून येतात, हे न पाहता केलेली मोजणी आणि शस्त्रक्रिया म्हणजे रोग न ओळखता दिलेले इंजेक्शन.

चौथा आक्षेप पैशाचा. पैसा नाही असे म्हणू नका. वाघासाठी तो आहे, आणि असलाच पाहिजे. कान्हा, पेंच, सातपुडा, मेळघाट या चार रानांतल्या वाघांची विष्ठा गोळा करून २०१३ साली दाखवून दिले गेले की जंगलाच्या पट्ट्यांनी त्यांचे रक्त एकमेकांत वाहते ठेवले आहे. पेंच ते सातपुडा हा पट्टा आपल्या छिंदवाड्याच्या रानातून जातो. पेंचमधल्या महामार्गाखाली जनावरांसाठी वाटा झाल्या. वाघाच्या विष्ठेला जी किंमत आली ती माकडाच्या विष्ठेला का येऊ नये? वाघ बागेत येत नाही. रोज येतो तो हा.

आणि शेवटची तक्रार खुद्द शास्त्रज्ञांविरुद्ध. आमच्या रानातून नमुने नेता, इंग्रजीत निबंध छापता, आणि ज्याच्या धुऱ्यावरून विष्ठा उचलली त्याला काय निघाले ते कधी कळवत नाही. मग तो म्हणणारच की हे सगळे नोकरदारांचे खेळ. ज्या गावातून नमुना गेला त्या गावात निकाल त्या गावाच्या भाषेत परत आला पाहिजे. आमच्याकडे मराठीत आणि हिंदीत. आमची पोरे शाळेत हिंदी शिकतात, घरी मराठी बोलतात. दोन्हीत समजून घेतील.

* * *

मागण्या मोजक्याच आहेत. पांढुर्णा हा २०२३ साली झालेला नवा जिल्हा आहे. नव्या जिल्ह्याने निदान नवी वही तरी उघडावी. माकड धरण्याच्या प्रत्येक मोहिमेआधी त्या कळपाचे नमुने घेतले जावेत, आणि जात ठरल्याशिवाय एकही प्राणी तालुक्याबाहेर सोडू नये. सीमेच्या दोन्ही बाजूंचे नमुने एकाच नोंदीत असावेत. आज इकडचा कागद जबलपूरकडे जातो, नाल्यापलीकडचा नागपूरकडे. कळप तर सकाळी या राज्यात न्याहारी करतो आणि संध्याकाळी त्या राज्यात मुक्काम. जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात वन्यजीवांच्या न्यायवैद्यक तपासणीची सोय आहे, नागपूरला गोरेवाड्यात वन्यप्राण्यांचे बचाव केंद्र आहे. दोघांनी एकमेकांना पत्र लिहायला कोणत्या आयोगाची गरज आहे? आणि बागायतदाराची भरपाई या तपासणीवर अडवून ठेवू नये. ती वेळेवर, वेगळी आणि पुरी मिळावी. पोट जळत असलेल्या माणसाला धीर धर म्हणण्याचा अधिकार, त्याचे नुकसान भरून देणाऱ्यालाच असतो.

वाचकहो, पुढच्या वेळी गावात पिंजऱ्याची गाडी येईल तेव्हा गर्दी होईल, पोरे टाळ्या पिटतील. त्या गर्दीत उभे राहून साहेबांना एवढेच विचारा: हे कोणत्या जातीचे, आणि सोडणार कुठे? मराठीत विचारा. कळले नाही असे म्हणाले, तर हिंदीत विचारा. दोन्ही भाषांत उत्तर मिळाले नाही, तर गाडी जाऊ देऊ नका.